पेठेचा चषक गाजतो, कॉलेजचा चषक कुठं जातो?

कोल्हापूर : शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की दुपारपासूनच मंगळवार पेठ, शिवाजी पेठ रिकामी व्हायला लागते. दुकानाचं शटर अर्ध्यावर, गाड्यांना झेंडे, हलगीचा कडकडाट. निकाल लागल्यावर कुणी किती गोल मारले, कुणाचा फटका बारला लागून परत आला, पंचांनी पेनल्टी का दिली नाही, हे रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर लहान पोरसुद्धा सांगतं. आता त्याच कट्ट्यावर दुसरा प्रश्न विचारून बघा. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचं गेल्या वर्षीचं विजेतेपद कुणाचं? बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडं बघतील.

फुटबॉलचा एवढा नाद असलेल्या शहरात कॉलेजचा चषक असा अनोळखी का राहतो? पेठेतल्या पोराला याचा फारसा फरक पडत नाही, कारण त्याच्यामागं तालीम आहे. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावड्याच्या पोराचं मात्र तसं नाही. त्याच्यासाठी कॉलेजचा संघ हाच पहिला संघ आणि बऱ्याचदा शेवटचाही. म्हणून हा विषय मुळात तालुक्यांचा आहे.

पेठेचा हंगाम कसा उभा राहतो

कोल्हापूरचा फुटबॉल संस्थानकाळापासूनचा. छत्रपती घराण्याचा आश्रय आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसएची शिस्त, या दोन खांबांवर तो टिकला. संघांची नावं वाचली तरी गावाचा इतिहास कळतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, जुना बुधवार पेठ. मूळची तालीम कुस्तीची. आखाड्याच्या लाल मातीतलं वर्चस्व पुढं फुटबॉलच्या मैदानावर आलं. जोडीला प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, संध्यामठ असे संघ आहेतच.

या हंगामाची लांबी लक्षात घेण्यासारखी आहे. दिवाळीनंतर खेळाडूंची नोंदणी आणि पळवापळवी सुरू होते. केएसएची शाहू छत्रपती लीग साखळी पद्धतीनं चालते. त्यानंतर एकामागून एक चषक लागतात. महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक, चंद्रकांत चषक, राजेश चषक अशी नावं कोल्हापूरकरांना पाठ आहेत. पाऊस तोंडावर येईपर्यंत खेळ चालतो. चषकांना नेत्यांचं आणि प्रायोजकांचं पाठबळ असतं. रोख बक्षिसं असतात, सामनावीराला भेटवस्तू असतात. बाहेरच्या राज्यातले आणि आफ्रिकेतले खेळाडूही संघ आणतात.

म्हणजे चांगल्या संघातला पेठेचा पोरगा एका हंगामात महिनोन्‌महिने सामने खेळतो. हरला तरी पुढच्या आठवड्यात दुसरी मॅच असते. चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. असं सतत खेळूनच खेळाडू घडतो.

कॉलेजचा हंगाम किती दिवसांचा?

आता कॉलेजकडं वळू. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. कॉलेज संघ आधी आपल्या विभागात खेळतात. विभागातले वरचे संघ आंतरविभागीय स्पर्धेत जातात. या सामन्यांतून आणि निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. तिथं महाराष्ट्राबरोबर गुजरात, गोवा, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठं असतात. तिथून वर आलं की अखिल भारतीय स्पर्धा आणि सर आशुतोष मुखर्जी करंडक.

कागदावर शिडी अगदी पक्की दिसते. अडचण पहिल्या पायरीवर आहे. महाविद्यालयीन स्पर्धा थोड्या दिवसांत उरकायच्या असतात, म्हणून त्या बाद पद्धतीनं खेळवण्याकडं कल असतो. बाद पद्धतीचं साधं गणित मांडून बघा.

समजा १६ संघ आहेत. बाद पद्धतीत एकूण १५ सामने होतात. विजेता संघ ४ सामने खेळतो. पहिल्याच फेरीत ८ संघ घरी जातात, म्हणजे निम्म्या संघांच्या वाट्याला वर्षभरात एकच सामना. त्या संघातला राखीव खेळाडू कदाचित एक मिनिटही मैदानात उतरत नाही. सराव दोन महिने, प्रवास दोन तास, खेळ एका दुपारचा.

तेच १६ संघ चार-चारच्या चार गटांत टाकले तर प्रत्येक संघाला किमान ३ सामने मिळतात. गटांचे २४ सामने, नंतर उपांत्य आणि अंतिम मिळून ३. एकूण २७. बाद पद्धतीपेक्षा १२ सामने जास्त. खर्च वाढतो, दिवस वाढतात, हे खरं. पण दरवर्षी जो संघ पहिल्या फेरीत हरून परततो, त्याच्यासाठी एक आणि तीन यातला फरक फार मोठा आहे.

आणि पहिल्या फेरीत कोण हरतं, हेही उघड आहे. शहरातल्या कॉलेजांच्या संघात केएसए लीग खेळणारी पोरं असतात. त्यांच्यासमोर ग्रामीण कॉलेजचा संघ उतरतो, तेव्हा एका बाजूला वर्षभर स्पर्धा खेळलेले पाय आणि दुसऱ्या बाजूला सरावाचे पाय असतात. बाद पद्धत दुबळ्या संघाला शिकायची संधीच देत नाही. पुढच्या वर्षी तो तिथूनच सुरू करतो.

एकाच जर्सीत दोन पेठा

कॉलेज फुटबॉलची एक बाजू मात्र पेठेच्या फुटबॉलपेक्षा उजवी आहे. एरवी एकमेकांसमोर उभे ठाकणारे पोरगे इथं एका जर्सीत खेळतात. पाटाकडीलचा बचावपटू आणि दिलबहारचा आघाडीपटू कॉलेजच्या संघात एकमेकांना पास देतात, एकाच डब्यातला डबा खातात.

याला महत्त्व आहे. कोल्हापूरच्या हंगामाला समर्थकांच्या राड्याचं गालबोट नवं नाही. दगडफेक, हुल्लडबाजी, मग पोलीस बंदोबस्त, परवानगी नाकारणं, स्पर्धा लांबणीवर पडणं, हे चक्र शहरानं अनेकदा बघितलंय. यात नुकसान गॅलरीतल्या हुल्लडबाजाचं होत नाही. खेळणाऱ्या पोराचं होतं, त्याचे सामने जातात. कॉलेजच्या मैदानावर ही खुन्नस आपोआप थोडी उतरते, कारण समोरच्या तालमीचा पोरगा तुमच्याच वर्गात असतो.

पण हेच कॉलेजच्या चषकाच्या अप्रसिद्धीचं कारणही आहे. पेठ जन्मापासूनची असते, कॉलेज तीन वर्षांचं. समर्थकाचं मन पेठेत गुंतलेलं असतं. कॉलेज जिंकलं म्हणून गल्लीत कोण गुलाल उधळणार? अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलला, त्यांचा फुटबॉल वेगळा असला तरी, लाखभर लोक येतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमताच १ लाख ७ हजारांवर आहे. तिथं माणूस शिकून बाहेर पडल्यावरही आयुष्यभर कॉलेजचा समर्थक राहतो. आपल्याकडं माजी विद्यार्थी मेळाव्याला येतात, ग्राउंडवर येत नाहीत.

गडहिंग्लजनं काय वेगळं केलं

शहराबाहेर फुटबॉल रुजतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. गडहिंग्लज हे त्याचं जिवंत उत्तर आहे. कोल्हापूरपासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या या गावात फुटबॉल घराघरांत आहे. गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशन दिवाळीच्या दिवसांत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय पातळीच्या स्पर्धा भरवते. केरळ, कर्नाटक, गोव्याकडचे संघ तिथं येऊन खेळतात आणि लोक दिवाळीचा फराळ आटोपून ग्राउंड गाठतात.

गडहिंग्लजला जमलं ते कशामुळं? तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून. गावाच्या मध्यावर मोकळं मैदान, दरवर्षी न चुकता भरणारी स्पर्धा, आणि शाळा-कॉलेज-क्लब यांना जोडणारी माणसं. पोरगं शाळेत असताना दिवाळीत मोठे संघ बघतं, मग क्लबात जातं, पुढं शिवराज किंवा डॉ. घाळी महाविद्यालयात प्रवेश घेतं. कॉलेजात येतं तेव्हा त्याच्या पायात खेळ आधीच असतो. कॉलेजला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

शेजारच्या तालुक्यांत ही साखळी कुठं ना कुठं तुटलेली दिसते. चंदगडच्या पोराला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं, त्याला बेळगाव जवळ. गगनबावडा, शाहूवाडीत धुवाधार पावसात जून ते सप्टेंबर मैदान वापरायची सोय नाही आणि कॉलेजच्या स्पर्धा तर पहिल्या सत्रातच तोंडावर येतात. कबड्डी, खो-खो, कुस्तीची परंपरा या भागात घट्ट आहे, ती असायलाच हवी. पण ज्या पोराला फुटबॉल खेळायचाय, त्याला सरावानंतर शेवटची एसटी गाठायची चिंता असते. साडेपाचला सराव रंगात येतो आणि साडेपाचलाच गाडी सुटते. असा संघ शहरातल्या संघासमोर नव्वद मिनिटं पळणार कसा?

विजेतेपदानं हाती काय लागतं?

कॉलेजला करंडक मिळतो, तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये कपाटात जातो. पोराच्या हाती प्रमाणपत्र पडतं. ग्रामीण घरात त्या कागदाकडं आशेनं बघितलं जातं, कारण राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीत त्याचा फायदा झालेली पोरं तालुक्यात दिसतात.

इथंच गैरसमज होतो. प्रत्येक प्रमाणपत्र आरक्षणाला चालत नाही. स्पर्धा कोणत्या पातळीची, कोणता क्रमांक, कोणत्या गटाच्या पदासाठी, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी व्हावी लागते. कॉलेजनं आपल्या विभागात चषक जिंकला, तेवढ्यावर नोकरीचं दार उघडत नाही. त्यासाठी वरच्या पायऱ्या चढाव्या लागतात आणि तिथं विद्यापीठाच्या एका संघात मोजक्याच जागा असतात. तीन जिल्ह्यांतल्या सगळ्या कॉलेजांतून निवडले जाणारे ते मोजके. भरतीचा फॉर्म भरताना हे कळून उपयोग नाही, प्रथम वर्षालाच कळायला हवं. कॉलेजच्या क्रीडा विभागानं नोटीस बोर्डवर एक कागद लावला तरी बऱ्याच पोरांची फरफट वाचेल.

दुसरी आशा व्यावसायिक फुटबॉलची. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. रिक्षाचालकाचा मुलगा विश्वचषकात उतरला म्हणून अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर बसलं होतं. पुढं तो आयएसएलमध्येही गेला. पण त्याचा रस्ता नीट बघायला हवा. तो लहान वयात घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथून राष्ट्रीय संघ. कॉलेजचं वय येण्याआधीच तो विश्वचषक खेळून मोकळा झाला होता. आजचे व्यावसायिक क्लब तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालची पोरं हेरतात. एकोणिसाव्या वर्षी कॉलेज संघात पहिल्यांदा अकरा जणांत आलेल्या पोराला हे दार जवळपास बंद झालेलं असतं. हे कडू आहे, पण पोराला आणि त्याच्या घरच्यांना खरं सांगितलेलं बरं.

राज्यातली दारंही कमी झालीत. एकेकाळी मफतलाल, टाटा, महिंद्र यांच्या संघांतून फुटबॉलपटूला नोकरी मिळायची. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स आय-लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ नंतर तिथून गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि ती जागा हैदराबादला गेली. आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा एकटा मुंबई सिटी उरला.

मग कॉलेजचा फुटबॉल कशासाठी? उत्तर सरळ आहे. क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, पंच, फिजिओ होणारी पोरं इथूनच तयार होतात. बी.पी.एड.ला जाणारं पोरगं कॉलेजात मैदानावर घडतं. आज तालुक्याच्या शाळेत फुटबॉल शिकवणारा माणूस नाही, म्हणून उद्याचा अनिकेत तिथं सापडत नाही. कॉलेज संघातला चंदगडचा पोरगा पाच वर्षांनी चंदगडच्या शाळेत शिट्टी घेऊन उभा राहिला, तर तो कॉलेजच्या चषकापेक्षा मोठा निकाल ठरेल.

मुलींसाठी कॉलेज हाच मुख्य रस्ता

मुलींच्या बाबतीत तर कॉलेजचं महत्त्व आणखी वाढतं. तालमींचा महिनोन्‌महिने चालणारा हंगाम मुलांचा. त्याच्या तोडीचा हंगाम मुलींना नाही. तरीही कोल्हापूरच्या नावाचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून आलाय. २०१९ मध्ये लुधियानाला झालेल्या स्पर्धेत एफसी कोल्हापूर सिटी होता आणि २०२० च्या सुरुवातीला बेंगळुरूच्या स्पर्धेतही कोल्हापूरचा संघ उतरला. गोकुलम केरळ, सेतू यांसारख्या संघांच्या पंगतीत कोल्हापूरचं नाव लागलं.

असा संघ पुन्हा उभा करायचा तर मुली आणायच्या कुठून? शाळेनंतर मुलीचा खेळ घरून बंद होण्याची भीती सर्वात जास्त. कॉलेजचा संघ असेल, बरोबर शिक्षिका असतील, येण्याजाण्याची सोय असेल, तर आईवडील पाठवतात. नसेल तर बूट माळ्यावर जातात. मुलींचा संघच नसलेल्या कॉलेजात हा प्रश्न कुणी विचारतही नाही.

केरळकडं बघण्यासारखं काय आहे

अखिल भारतीय आंतरविद्यापीठ फुटबॉलच्या विजेत्यांच्या यादीत कालिकत विद्यापीठाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. मलबारचा हा भाग आणि कोल्हापूर यांच्यात एक साम्य आहे. तिथंही गावोगावी सात-सात जणांच्या ‘सेव्हन्स’ स्पर्धा तुफान गर्दीत चालतात, तिथंही बाहेरचे आणि आफ्रिकेचे खेळाडू येतात, तिथंही स्थानिक अभिमान टोकाचा. फरक इतकाच, की ती हवा तिथल्या कॉलेजांच्या अंगणातही पोचली. केरळमध्ये कोठमंगलमच्या एम. ए. कॉलेजशी जोडलेला संघ राज्याच्या प्रीमियर लीगमध्ये क्लबांबरोबर खेळला आहे. म्हणजे कॉलेजच्या पोरांना वर्षभर मोठे सामने मिळतात. आपल्याकडं पेठ आणि कॉलेज या दोन वेगळ्या वाटा राहिल्या. एका वाटेवर गर्दी, दुसरीवर शुकशुकाट.

काय करता येईल?

फार मोठ्या निधीची गोष्ट नाही. सुरुवात चार गोष्टींपासून होऊ शकते.

पहिली, विभागीय स्पर्धेत बाद पद्धतीऐवजी गट साखळी. तालुके जवळचे बघून गट पाडावेत. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड एका गटात, म्हणजे प्रवास कमी होईल आणि प्रत्येक कॉलेजला किमान तीन सामने मिळतील.

दुसरी, गटाचे सामने तालुक्यात व्हावेत. गडहिंग्लजला प्रेक्षक तयार आहेत, मैदान आहे, स्पर्धा भरवायचा अनुभव आहे. तिथल्या कॉलेजची मॅच गावासमोर झाली तर गावालाही कॉलेज आपलं वाटेल.

तिसरी, केएसए आणि विद्यापीठ यांनी वेळापत्रक एकत्र बसून आखावं. लीगच्या एखाद्या मोठ्या लढतीआधी त्याच दुपारी शाहू स्टेडियमवर आंतरविभागीय अंतिम सामना ठेवला, तर भरलेली गॅलरी आपोआप मिळेल. चंदगडच्या पोराला आयुष्यात एकदा त्या गर्दीसमोर खेळायला मिळालं, तर तो ते विसरणार नाही.

चौथी, जिमखाना फीचा हिशोब. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी ती भरतो, खेळणाराही आणि न खेळणाराही. त्यातून फुटबॉलला किती गेलं, बूट-किटवर किती, प्रवासावर किती, हे कॉलेजनं वर्षाअखेरीस सांगावं. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला श्रेयांकांत जागा मिळाली आहे. ती जागा फक्त हजेरीपुरती राहू नये.

कॉलेजांची बाजूही ऐकायला हवी. सत्र पद्धतीत परीक्षा लागून येतात, ग्रामीण कॉलेजात पोरांची संख्या कमी, क्रीडा संचालकाचं पद रिकामं असलं की सगळा भार दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकावर. अकरा पोरं गोळा करणं हेच काही ठिकाणी मोठं काम. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या सांगून वर्षातला एकमेव सामना हरून परत येणाऱ्या बसमधल्या पोरांचं समाधान होत नाही.

कोल्हापूरला फुटबॉलचं वेड शिकवायची गरज नाही. ते इथं पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्रश्न एवढाच आहे, की हे वेड पंचगंगेच्या पलीकडं, घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचणार की शाहू स्टेडियमच्या भिंतीआतच राहणार. पेठेचा चषक गाजतोय, गाजू दे. पण येत्या हंगामात कॉलेजचा चषक कुणी जिंकला आणि त्या संघात कोणकोणत्या तालुक्याची पोरं होती, हे गंगावेशीच्या कट्ट्यावर कुणाला तरी सांगता आलं पाहिजे.